हावेलच्या जेवणातलं मीठ

"अहो, हे मीठ आहे!"

मुख्याध्यापक आर्केनो खुर्ची मागे ढकलून उभे राहिले आणि हावेल शाळेच्या जिममध्ये जेवणारं अख्खं गाव चिडीचूप झालं.

"आयसिंगमध्ये साखर नाही, मीठ आहे! इतका वेळ कुणालाच कळलं नाही?"

कळलं सगळ्यांना होतं. पण नेब्रास्काच्या या कोपऱ्यात दुसऱ्याच्या हातचं खाताना तोंड वाकडं करायची पद्धत नाही. बकहॉर्न शाळा जिल्ह्याचं हे वर्षाचं जेवण. खिमा-राजम्याची तिखट चिली आणि तिच्यात बुडवून खायचा, वर आयसिंग लावलेला दालचिनीचा गोड रोल. पहिल्याच घासाला प्रत्येकाच्या जिभेला मिरची-मिठाचा दणका बसला होता. प्रत्येकाला वाटलं, आपलीच जीभ बिघडली. डोळ्यांतून पाणी काढत माणसं रोल बुडवत होती, गिळत होती आणि शेजाऱ्याला म्हणत होती, "मस्त झालंय, नाही?" सगळं गाव अक्षरशः मिठाची गुळणी धरून बसलं होतं.

लॉरेटा व्हिटेकही खात होती. ती जिल्ह्याची सुरक्षा अधिकारी. त्याआधी अर्धं आयुष्य शेरीफच्या कचेरीत काढलेलं. पण ती सभ्यपणापोटी गप्प नव्हती. पहिला घास घेतला आणि तिला आनंद झाला होता. हो, आनंद. कारण रोल केले होते शेल्बीने, आणि शेल्बी म्हणजे ड्वेनची बायको. तो ड्वेन आधी लॉरेटाचा नवरा होता.

‘खा, बाबांनो, पोटभर खा,’ ती मनात म्हणाली होती. ‘आणि उद्या बोलायला विसरू नका.’

आता मात्र गोंधळ उडाला. शाळा मंडळाचे अध्यक्ष रॉजर ब्लाहा यांच्या म्हाताऱ्या आईने भिडेखातर दोन रोल संपवले होते. तिचा रक्तदाब चढला, ती खुर्चीतच कलंडली. रुग्णवाहिका आली. शेल्बी स्वयंपाकघराच्या दारात पांढरीफटक पडून उभी होती आणि कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं.

काहीतरी करायला हवं म्हणून लॉरेटाने आपल्या टेबलावरचे वाडगे गोळा केले. तिच्या उजवीकडे हावेल शाळेच्या जुन्या आचारी बर्निसबाई बसल्या होत्या, समोर आर्केनो, डावीकडे ब्लाहा. ब्लाहांच्या आणि तिच्या स्वतःच्या वाडग्यात लाल रश्श्यावर आयसिंगचा पांढरा तवंग आला होता. आर्केनोंच्या वाडग्यात तो नव्हता. हा माणूस न्यू जर्सीहून आलेला. रोल शेवटी, केकसारखा खायचा, आणि गावाने त्याला अजून त्याबद्दल माफ केलं नव्हतं. उजवीकडच्या वाडग्याच्या तळाशी बिस्किटांचा चुरा होता. तिने सगळे एकात एक घातले आणि धुवायला नेऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी अधीक्षक नीमन यांनी तिला बोलावलं. संपूर्ण शाळा जिल्ह्याचा कारभार याच माणसाच्या डोक्यावर. तिकडे ओमाहाच्या बाजूला मेडो रिजची नवीकोरी घरं, इकडे हावेलची शेतं, आणि दोन्हीकडच्या लोकांना सतत वाटायचं की लाड दुसऱ्यांचेच होतात.

"बस, लॉरेटा. काम सोपं आहे. गुरुवारी संध्याकाळी मंडळाची सभा आहे. त्यात शेल्बी रीडला कामावरून काढायचं ठरतंय."

"काढायचं?"

"मग काय करू? पुढच्या वर्षी दोन्ही शाळांचं मिळून एकच स्वयंपाकघर होणार. बर्निसबाई निवृत्त होतायत, मुख्य आचारी म्हणून मेडो रिजची शेल्बी येणार होती. म्हणून तर या वेळी चिली बर्निसबाईंची आणि रोल शेल्बीचे असं ठरवलं. तिची परीक्षा होती ती. बाईने पिठीसाखर म्हणून मीठ ओतलं! हे बघ."

त्यांनी टेबलावर पुठ्ठ्याचा रिकामा डबा ठेवला. पॉपकॉर्नवर भुरभुरतात ते मीठ, पिठासारखं बारीक.

"हावेलच्या स्वयंपाकघरात, तिच्या टेबलाखालच्या कचऱ्याच्या बादलीत मिळाला. आणि ती म्हणते, मी हा डबा कधी पाहिलाच नाही. चूक एकवेळ चालली असती. पण खोटं बोलणाऱ्या बाईच्या हाती मी सगळ्या जिल्ह्याच्या पोरांचं जेवण कसं देऊ? ब्लाहा तर इतके खवळलेत की तिला या राज्यात पुन्हा शाळेच्या स्वयंपाकघरात पाय ठेवू देणार नाहीत. तू फक्त चौकशी झाली एवढं सांग."

लॉरेटाला नुसती मान डोलवायची होती. एवढ्यावर शेल्बीचा निकाल लागला असता. रात्री ड्वेनच्या घरात कसं सुतक पसरेल तेही तिला दिसलं, आणि खोटं कशाला बोला, बघायला बरं वाटलं.

पण तिने डबा उचलून उलटा केला, हुंगला, आणि तोंडातून जुन्या सवयीने प्रश्न निघाला.

"हे मीठ स्वयंपाकघरात असतं का हो?"

"नाही. खेळांच्या सामन्यांना पॉपकॉर्न विकतात ना, त्या जिमजवळच्या खाऊच्या दुकानात असतं. का?"

"मग ते चालत आलं का?"

नीमन डब्याकडे बघायला लागले. लॉरेटा स्वतःवरच वैतागून उठली.

शेल्बी मेडो रिजच्या चकाचक स्वयंपाकघरात एकटीच भांडी घासत होती. मदतनीस बायकांना अचानक दुसरीकडे कामं निघाली होती.

"आलीस?" शेल्बी म्हणाली. "मला वाटलंच, तुलाच पाठवतील. बरं वाटत असेल ना तुला?"

"वाटतंय," लॉरेटा म्हणाली. "पण कामाचं बोलू. आयसिंग कुठे केलंस?"

"इथेच. झाकणाच्या पातेल्यातून गाडीने हावेलला नेलं."

"चाखलंस?"

"निघायच्या आधी चाखलं. गोड होतं. आईशप्पथ."

"हावेलला गेल्यावर?"

"पातेलं बर्निसबाईंच्या स्वयंपाकघरात ठेवलं आणि रोलचे ट्रे उतरवायला बाहेर गेले. गाडीचं मागचं दार अडकलं होतं. मी आणि ड्वेन दोघंही त्याच्याशी झटत होतो."

"ड्वेनला दार कधीच उघडता आलं नाही. लग्नातही त्याच्या काकाने उघडलं होतं."

शेल्बीला नको असताना हसू आलं. लॉरेटाला स्वतःचाच राग आला.

"परत आल्यावर पुन्हा चाखलंस?"

"नाही चाखलं! लोक रांगेत उभे होते, रोल गरम होते. ओतलं आणि पसरलं. तेवढी चूक आहे माझी, ती कबूल करते. पण तो डबा माझा नाही."

"त्या वेळात स्वयंपाकघरात कोण कोण होतं?"

"कोण नव्हतं? बर्निसबाई चिली ढवळत होत्या. आर्केनो कॉफी शोधत आले होते. अध्यक्षांनी दोनदा डोकावून वास घेतला. सगळा गाव येऊन जात होता." तिने ओला हात कपाळाला लावला. "एकच नशीब, बालवाडीची पोरं वाचली. ती वाचनालयात वेगळी बसली होती. गालिचा चिकट होतो म्हणून त्यांच्या रोलना आयसिंग लावू नको, असा सकाळीच बर्निसबाईंचा हुकूम आला. मला तर राग आला होता. बिनआयसिंगचा रोल म्हणजे नुसता पाव. पण त्यांना प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायचंच असतं. या वेळी ते बरं झालं म्हणायचं."

"हं."

"लॉरेटा," शेल्बी म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच घसरला, "मला दुसरं काही येत नाही गं. पोरांना जेवू घालणं एवढंच येतं. हे गेलं तर मी काय करू?"

लॉरेटाने वही खिशात टाकली. ती नुसती निघून आली.

ड्वेन जिमजवळच्या खाऊच्या दुकानात रिकामी खोकी चपटी करत होता. दुकान तोच चालवायचा.

"लॉरी! तू पण ना. तिच्यावर डूख धरून आलीस ना?"

"लॉरी म्हणू नकोस. कुलूप फोडलं होतं का?"

"नाही. जसंच्या तसं."

"चाव्या कुणाकडे?"

"एक माझ्या खिशात. एक घरी खुंटीला."

"म्हणजे शेल्बीच्या हाताशी."

ड्वेनचा चेहरा पडला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. लॉरेटाला ते नवीन नव्हतं.

"कुलूप नवीन का जुनं?"

"इमारतीबरोबरचं. मंडळ नवीन देतंय कुठे? आमची गावाकडची शाळा ना! मेडो रिजला बटणावर उघडणारी दारं आणि आम्हाला—"

"ते राहू दे. मीठ कमी झालंय?"

"एक डबा नाहीये. आणि एक सांगू का? साधं मीठ टाकलं असतं तर आयसिंग दाताखाली करकरलं असतं. नुसतं बघूनही कळलं असतं. हे पीठ, लगेच विरघळतं. ज्याने केलं त्याला स्वयंपाक कळतो."

"ड्वेन, तू तुझ्या बायकोच्याच गळ्यात फास घट्ट करतोयस, कळतंय का तुला?"

"मी खरं तेच सांगतोय," तो म्हणाला. बिचारा.

आर्केनो आपल्या खोलीत दार लावून बसले होते. त्यांच्या गाडीच्या काचेवर सकाळी कुणीतरी मूठभर मीठ फेकलं होतं.

"मी केलं असं म्हणतायत ना सगळे?" त्यांनीच सुरुवात केली.

"म्हणतायत. तुम्ही या जेवणाला गावठी प्रकार म्हणाला होतात. मंडळापुढे."

"म्हणालो होतो! तिखटात गोड बुडवून कोण खातं?"

"आणि तुम्हीच पहिले ओरडलात."

"बाई, माझ्या तोंडात मीठ होतं! आमच्याकडे तोंडात मीठ आलं की माणूस ओरडतो. तुमच्याकडे आभार मानतो. मला खरंच सांगा, तुम्हाला चव लागली नव्हती?"

"लागली होती."

"मग बोलला का नाहीत?"

लॉरेटाने वही मिटली. "तुम्हाला स्वयंपाक येतो?"

"अंडं उकडता येतं. कधीकधी फुटतं."

हे खरंच असावं. त्यांच्या टेबलावर डब्यातलं थंड सूप होतं, आणि तेही करपलेलं.

बर्निसबाईंकडे ती सगळ्यांत शेवटी गेली, कारण तिथे जाणं म्हणजे चौकशी नव्हे, माहेरपण. लॉरेटा तिसरीत असताना तिची आई गेली. त्यानंतर कितीतरी दिवस तिच्या ताटात एक जास्तीचा रोल यायचा आणि बर्निसबाई दुसरीकडे बघायच्या. हावेलमधल्या बहुतेकांच्या अशा काही ना काही आठवणी होत्या. निम्म्या जिल्ह्याला या बाईने लहानाचं मोठं केलं होतं.

"ये, पोरी. कॉफी घे. थांब, साखर आत आहे." त्यांनी कमरेची किल्ली काढून कोठीचं दार उघडलं, मग तीच किल्ली पलीकडच्या खोलीला लावून कप आणले.

"सगळ्याला एकच?"

"अख्ख्या इमारतीला. बांधली तेव्हा मंडळाने कुलपांत काटकसर केली. बैस. तुला काय विचारायचंय ते विचार."

"तुम्हाला कुणाचा संशय येतो?"

"संशय कसला? पोरगी वाईट नाही, धांदरट आहे. तरुण आहे. माझ्या स्वयंपाकघरात आली तेव्हाच बघितलं मी, एका जागी पाय ठरत नाही. कुठलातरी डबा उचलला असेल. मी तर नीमनना म्हटलं, जरा दमाने घ्या तिच्याशी. पण आता ब्लाहा ऐकतायत थोडेच!"

"मग मुख्य आचारी कोण होणार?"

"मला म्हणाले, दोन वर्षं आणखी राहा." बर्निसबाईंनी कपाखालची बशी पुसली. "गुडघे दुखतात. पण पोरांसाठी राहीन म्हणते."

"तुम्ही खाल्लात तो रोल?"

"खाल्ला म्हणजे? अर्धा गिळला! नरकयातना. पण तोंडातून शब्द काढला नाही. त्या न्यू जर्सीवाल्याने बोंब मारली तेव्हा मला लाज वाटली. अगं, ही शहराकडची माणसं चिलीत बिस्किटं चुरतात. त्यांना काय कळणार? रोल बुडवायचा असतो. मी पोटात होते तेव्हा माझी आई बुडवत होती. माझ्या वाडग्यात बिस्किटाचा तुकडा कधी पडला नाही आणि पडायचा नाही."

लॉरेटाने कॉफीचा घोट घेतला. मग कप बशीत परत ठेवला.

"कॉफी कडू झाली का गं?"

"नाही," ती म्हणाली. "छान झालीय."

परतताना तिने मक्याच्या कापलेल्या शेतांमधल्या रस्त्यावर गाडी बाजूला लावली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिली. तिला सगळं कळलं होतं, आणि ते कळायला नको होतं. गप्प बसलं तर काय बिघडणार होतं? बर्निसबाईंचं नाव राहील. लॉरेटाच्या डोळ्यांत कायम खुपणारी बाई गावातून जाईल. कुणी विचारणारही नाही. फक्त शेल्बीला येतं ते एकुलतं एक काम तिच्या हातून जाईल, आणि तिने तर काही केलेलंच नव्हतं.

लॉरेटा शिव्या देत रडली, मग नाक पुसून गाडी सुरू केली.

गुरुवारी संध्याकाळी हावेलच्या वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मेडो रिजवाले एका बाजूला, हावेलवाले दुसऱ्या. बर्निसबाई पहिल्या रांगेत होत्या. सभेच्या शेवटी त्यांना मानपत्र द्यायचं होतं. शेल्बी दाराजवळ कोट न काढताच बसली होती. ड्वेन तिच्या शेजारी खोकलत होता.

अध्यक्ष ब्लाहा म्हणाले, "माझी आई बरी आहे. पण मी विसरणार नाही. बोल, लॉरेटा, लवकर उरकू."

"उरकते," लॉरेटा उभी राहिली. "शेल्बी रीडने पिठीसाखर समजून मीठ ओतलं, असं आपण धरून चाललोय. पण चूक व्हायला डबा हाताशी असावा लागतो. हा डबा कुलूपबंद दुकानात होता. म्हणजे कुणीतरी मुद्दाम कुलूप काढलं, डबा स्वयंपाकघरात आणला, ओतला, आणि रिकामा डबा शेल्बीच्याच बादलीत टाकला. चुकून मीठ ओतणारा माणूस असा येरझाऱ्या घालत नाही."

"चावी तिच्याकडे होती," मागून कुणीतरी म्हणालं.

"होती. पण स्वतःच्या परीक्षेच्या दिवशी स्वतःचेच रोल कोण नासवेल? आणि त्या कुलपाला आणखी एक चावी लागते. हावेलच्या अख्ख्या इमारतीला लागते तीच. ती असणाऱ्यांपैकी स्वयंपाक कुणाला कळतो? कारण साधं मीठ कामाचं नव्हतं. न करकरता विरघळणारं हवं होतं."

आर्केनो हळूच म्हणाले, "म्हणजे मी सुटलो?"

"तुमचं अंडं फुटतं, साहेब. तुम्ही तेव्हाच सुटलात."

हशा पिकला, पण लगेच विरला. हावेलच्या बाजूच्या काही बायका एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या.

"आता मला दोन गोष्टी सांगा," लॉरेटा म्हणाली. तिचा आवाज खाली आला. "सगळा गाव मीठ खात होता, मग बालवाडीच्या पोरांपर्यंतच ते कसं पोचलं नाही? त्यांच्या रोलना आयसिंग लावू नका, असा निरोप सकाळीच गेला होता. गालिचा खराब होतो म्हणून. बायांनो, तुमची सगळ्यांची पोरं या गालिच्यावर बसून आयसिंगचे रोल खाऊन मोठी झाली. याआधी कधी कुणाला गालिच्याची काळजी पडली होती?"

दोन-तीन बायांनी खाली गालिच्याकडे बघितलं.

"ज्याने मीठ टाकायचं ठरवलं होतं, त्याला मोठ्यांचं तोंड खारट करायला काही वाटलं नाही. पण लहानांचं करवेना. हात धजला नाही. बर्निसबाई, निरोप तुम्ही दिला होता."

"दिला होता," बर्निसबाई ताठ बसून म्हणाल्या. "गालिचा मीच धुते. मग?"

"तुम्ही रोल खाल्लात?"

"तुला सांगितलं ना. अर्धा."

"चिलीत बुडवून?"

"नाहीतर कसा खातात?"

"मी तुमच्या डावीकडे बसले होते. वाडगे मीच उचलले. रोल बुडवला की रश्श्यावर पांढरा तवंग येतो. तुमच्या रश्श्यावर तो नव्हता. तुमच्या वाडग्याच्या तळाशी बिस्किटांचा चुरा होता, बर्निसबाई."

सभेत एक विचित्र आवाज झाला. मिठाच्या आरोपाने झाला नव्हता इतका हावेलवाल्यांना या गोष्टीचा धक्का बसला. बर्निसबाईंनी चिलीत बिस्किटं!

"आर्केनोंनीही बुडवला नाही," लॉरेटा म्हणाली, "पण ते कधीच बुडवत नाहीत, आणि शेवटी त्यांनी तो खाल्ला, म्हणूनच ओरडले. तुम्ही आयुष्यभर बुडवलात. त्या एका दिवशी नाही. तेव्हा कुणी ब्र काढलेला नव्हता. आम्ही सगळे हसून गिळत होतो. रोल खारट आहे हे न चाखता तुम्हाला कसं कळलं?"

बर्निसबाई उठल्या. गुडघ्यांवर हात रोवून, सावकाश.

"मला म्हणाले होते, वसंतात तिचा रोल चाखून बघा. मत द्या. मी खाल्ला." त्या शेल्बीकडे वळल्या. "वाईट असता ना पोरी, तर मी तुला शिकवलं असतं. चांगलं शिकवलं असतं. पण तो चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला. मऊ. मी तो चावत होते आणि मला कळलं, इतकी वर्षं या लोकांनी माझी भीड ठेवली. छान झालंय, छान झालंय! तसंच म्हणतात ना ते, तोंडात मीठ असलं तरी! मग माझं खरं कधी छान झालं होतं? मला कसं कळायचं? आणि तू काल आलीस, आणि पोरं माझ्यासमोर म्हणतात, मेडो रिजचे रोल दे. मला झोप लागेना. मी जळत होते, बाई. अक्षरशः जळत होते."

"माझी आई मेली असती!" ब्लाहा ओरडले.

"तिने दुसरा घेतला तेव्हा मला ओरडायचं होतं, रॉजर. जीभ उचलली नाही." त्यांचा चेहरा गोळा झाला. "तेवढं मला देव माफ करणार नाही."

नीमन यांनी मानपत्र टेबलाखाली सरकवलं. मंडळाने दोन मिनिटं कुजबुज केली आणि ब्लाहा खाकरून म्हणाले की शेल्बी रीडवरचा ठपका मागे घेतला आहे, मुख्य आचारी तीच होईल, आणि बर्निसबाई उद्यापासून कामावर येणार नाहीत. कुणी टाळी वाजवली नाही. मेडो रिजवाल्यांनीही नाही. शेल्बीने कोटाची बटणं काढली आणि पुन्हा लावली.

लोक पांगले. शेल्बी लॉरेटासमोर येऊन उभी राहिली.

"तू गप्प बसली असतीस तरी चाललं असतं," ती म्हणाली.

"बसणार होते. मला तू अडकायला हवी होतीस. अजूनही थोडी हवीच आहेस."

शेल्बीने तिच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि ड्वेनच्या मागून निघाली. ड्वेन बाहेर ढकलायचं दार आत ओढत होता.

पहिल्या रांगेत बर्निसबाई एकट्याच राहिल्या होत्या. ज्यांची पोरं त्यांच्या हातची खाऊन वाढली त्यांच्यातलं कुणी जवळ गेलं नाही. अशा वेळी काय म्हणायचं ते त्यांना शिकवलंच नव्हतं. लॉरेटा जाऊन शेजारी बसली.

"वाडग्यावरून आणि गालिच्यावरून कळलं तुला?" बर्निसबाईंनी समोर बघतच विचारलं.

"ते मंडळासाठी."

"मग?"

"तो रोल तोंडात घातला आणि मला आनंद झाला, बर्निसबाई. शेल्बीचं वाटोळं होणार म्हणून. तसाच आनंद दुसऱ्या कुणाला झालाय का बघायला मी वळले. तुमच्या तोंडावर तो होता. माझ्यासारखाच, तंतोतंत. आणि तुमचा रोल अजून ताटात अख्खा होता."

बर्निसबाई पहिल्यांदाच तिच्याकडे वळल्या. मग त्यांनी लॉरेटाच्या हातावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"तेव्हाच का नाही बोललीस, पोरी?"

"मी माझा रोल संपवत होते," लॉरेटा म्हणाली आणि रडू लागली.